नांवाची नोंद आणि नांवाची मालकी

व्यापारांत नांव हें एक भांडवलच आहे, ही गोष्ट आपल्याकडील पेढीवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. दुकान जळालें तर तें पुन्हां बांधतां येतें. माल बुडाला तर तो पुन्हां भरतां येतो. परंतु पेढीचें नांवच नाहींसें झालें, तर गिऱ्हाइकानें कोणत्या दारीं जावें हें त्याला उमगत नाहीं. आणि तेंच नांव उद्यां एखाद्या परक्या दारावर दिसूं लागलें, तर गिऱ्हाईक त्या दारांत शिरतें व मूळ धनी रस्त्यावर उभा राहून पाहात राहतो. संगणकांच्या जगांत हा प्रसंग हजारों व्यापाऱ्यांवर खरोखरच आला. तो चोरांमुळें जितका आला, त्याहून अधिक नोंदवही सांभाळणाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळें व मौनामुळें आला. त्या मौनावर उपाय शोधतां शोधतां जे नियम, करार व निवाडे निर्माण झाले, त्यांचा इतिहास येथें संक्षेपानें सांगावयाचा आहे.

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला अंकांचा बनलेला एक पत्ता असतो. यंत्राला तो सोयीचा, माणसाला मात्र लक्षांत ठेवण्यास कठीण. म्हणून त्या अंकांच्या जागीं बोलण्यासारखें एक नांव योजण्याची रीत पडली. त्यालाच डोमेन-नांव म्हणतात. नांव उच्चारलें कीं अंक सांपडावा, एवढ्यासाठीं कोठें तरी एक नोंदवही हवी. आरंभीं ही वही म्हणजे एकच यादी होती. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेंत एलिझाबेथ फाइनलर या विदुषींच्या देखरेखीखालीं ती लिहिली जाई, आणि जगांतील सर्व जोडलेले संगणक तिची नक्कल उतरवून घेत. संगणक थोडे, ते चालविणारे लोक एकमेकांना ओळखणारे. त्यामुळें नांव कोणाचें हा प्रश्नच उपस्थित होत नसे.

संगणक वाढले तशी ही एक यादी पुरेना. १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची नवी व्यवस्था आंखली. एका वहीच्या जागीं अनेक वह्यांची उतरंड आली. वरची वही खालच्या वहीकडे बोट दाखवी व खालची वही अंक सांगे. या व्यवस्थेंत व्यापारी संस्थांसाठीं ‘डॉट कॉम’ हा विभाग ठेवण्यांत आला, आणि १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स या संगणक तयार करणाऱ्या कंपनीचें नांव त्यांत पहिलें म्हणून नोंदलें गेलें. त्या काळीं या नोंदीस पैसा पडत नसे. १९९३ पासून नोंदणीचें काम नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे सोंपविण्यांत आलें, व १९९५ च्या सप्टेंबरपासून पहिल्या दोन वर्षांस १०० डॉलर व पुढें वर्षास ५० डॉलर असें शुल्क सुरू झालें. शुल्क आलें, म्हणजे नांवाला किंमत आली. आणि किंमत आली, म्हणजे तंटे आले.

या तंट्यांतील सर्वांत गाजलेला तंटा गॅरी क्रेमेन या गृहस्थांचा. १९९४ मध्यें त्यांनीं एक डॉट कॉम नांव नोंदविलें. तें नांव स्त्रीपुरुषसंबंधांचा वाचक असा एक तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द होता. त्याचा येथें उच्चार करण्याचें प्रयोजन नाहीं. त्याला पुढें फार मोठी किंमत येणार, हें क्रेमेन यांनीं ओळखलें होतें. परंतु तें दुसऱ्या एकानेंहि ओळखलें होतें. १९९५ च्या ऑक्टोबरांत स्टीफन कोहेन नांवाच्या, नुकत्याच तुरुंगांतून सुटलेल्या इसमानें क्रेमेन यांच्या कंपनीच्या नांवानें एक बनावट पत्र तयार केलें. कंपनीनें आपला हक्क सोडला असून तें नांव कोहेन यांस द्यावें, असा त्याचा मजकूर होता. आमची कंपनी इंटरनेटला जोडलेली नसल्यामुळें आम्ही स्वतः कळवूं शकत नाहीं, सबब हें काम कोहेन यांनींच करावें, असें कारणहि त्यांत दिलें होतें. जिच्या नांवांतच ‘ऑनलाइन’ हा शब्द होता, तिला इंटरनेटची जोडणी नाहीं, हें वाचून नोंदवहीवाल्यांच्या मनांत शंका यावयास हवी होती. ती आली नाहीं. एक पत्र नाहीं, एक दूरध्वनि नाहीं. नोंद बदलली गेली.

क्रेमेन यांनीं विचारणा केली, तेव्हां आतां कांहीं करतां येत नाहीं असें उत्तर त्यांना मिळालें. पुढें खटला उभा राहिला. नोव्हेंबर २००० मध्यें कॅलिफोर्नियांतील न्यायालयानें तें नांव क्रेमेन यांस परत देवविलें, आणि २००१ मध्यें कोहेननें ६ कोटि ५० लाख डॉलर भरावे असा निवाडा दिला. कोहेन तोंवर मेक्सिकोंत पळाला होता. २००५ मध्यें तो तिहुआना येथें पकडला गेला. निवाडा हातीं आला खरा, पण त्यांतील पैसा वसूल होणें ही निराळीच गोष्ट होती.

पण इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न याहून निराळा आहे. चोराकडून पैसा मिळत नसेल, तर ज्यानें डोळे मिटून चोराच्या हातीं वस्तु दिली, त्याला जबाबदार धरतां येईल काय? नेटवर्क सोल्यूशन्सच्या बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं, नांव ही हातीं धरतां येण्याजोगी वस्तु नाहीं. सबब तिचा अपहार होऊं शकत नाहीं. खालच्या न्यायालयास हें पटलें होतें. परंतु २००३ च्या जुलैमध्यें वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति कोझिन्स्की यांनीं उलट निकाल दिला. डोमेन-नांव ही मालमत्ता आहे. तिची हद्द ठरलेली आहे, ती विकतां येते, तिच्यावर एकाचाच ताबा असतो. आणि ज्याच्याकडे ती नोंदीसाठीं सोंपविली त्यानें ती भलत्याला दिली, तर त्याला जाब विचारतां येईल, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर त्या कंपनीनें क्रेमेन यांच्याशीं तडजोड केली. वहींत लिहिणारा आणि वहींत ज्याचें नांव लिहिलें आहे तो, यांचें नातें काय असावें, याविषयीं एवढें स्पष्ट भाष्य तोंवर झालें नव्हतें.

मध्यंतरीं नोंदणीची सर्व रचनाच बदलली होती. एकाच कंपनीच्या हातीं सर्व नांवें असावींत, हें लोकांना मान्य होईना. १९९८ मध्यें आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियांत स्थापन झाली व नांवांच्या व्यवस्थेची देखरेख तिच्याकडे आली. १९९९ पासून नोंदणीचा धंदा अनेकांना खुला झाला. ठोक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार अशी जी विभागणी बाजारांत असते, तशीच येथें झाली. डॉट कॉमची मूळ वही एकाच कंपनीकडे राहिली. तिला रजिस्ट्री म्हणतात. लोकांकडून अर्ज व पैसे घेऊन त्या वहींत नोंद करविणारे अनेक दुकानदार झाले. त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. दुकानदारानें प्रत्येक नांवामागें वर्षाला ६ डॉलर रजिस्ट्रीस द्यावे व आपला नफा गिऱ्हाइकाकडून घ्यावा, असा व्यवहार ठरला. स्पर्धेमुळें दर उतरले, आणि लहानसहान व्यापाऱ्यालाहि स्वतःचें नांव घेणें परवडूं लागलें. हा लाभ लहान नव्हता.

परंतु या रचनेंत एक गोम होती. नांवाचा धनी आणि मूळ वही यांमध्यें एकच दार होतें, आणि त्या दाराची किल्ली रजिस्ट्रारच्या हातीं होती. डॉट कॉमच्या मूळ वहींत त्या काळीं नांव व त्याचा रजिस्ट्रार एवढेंच नोंदलेलें असे. तें नांव कोणा माणसाचें, हें फक्त रजिस्ट्रारच्या दप्तरांत असे. धनी रजिस्ट्रीकडे गेला तर ती म्हणे, तुमच्या रजिस्ट्रारकडे जा. आयकॅनकडे गेला तर तीहि म्हणे, तुमचा करार रजिस्ट्रारशीं आहे. रजिस्ट्रार बोलत नसेल तर काय करावें, याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा होती. पण त्यासाठीं नांवाचें कुलूप काढावें लागे व बहुतेक ठिकाणीं एक गुप्त संकेत मिळवावा लागे. आणि कुलूप काढणारा व संकेत देणारा पुन्हां तोच जुना रजिस्ट्रार! ज्याच्या घरांतून बाहेर पडावयाचें, त्याच्याच हातीं कडी होती.

ही अडचण दूर व्हावी म्हणून १२ नोव्हेंबर २००४ पासून आयकॅननें बदलीचे नवे नियम अंमलांत आणले. नव्या रजिस्ट्रारनें मागणी केल्यावर जुन्यानें पांच दिवसांत हरकत घेतली नाहीं, तर संमति गृहीत धरून नांव पुढें जाऊं द्यावें, असा त्यांतील मुख्य नियम होता. मौनामुळें धन्याचें नुकसान होऊं नये, हा हेतु चांगला होता. पण दोन महिन्यांच्या आंतच त्याची दुसरी बाजू जगास दिसली.

न्यू यॉर्कमध्यें पॅनिक्स ही १९८९ पासून चालत असलेली, लोकांना इंटरनेटची जोडणी व टपाल पुरविणारी एक जुनी कंपनी आहे. शनिवार, १५ जानेवारी २००५ रोजीं तिचें डॉट कॉम नांव तिच्या नकळत तिच्या रजिस्ट्रारच्या ताब्यांतून निघून ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारकडे गेलें. नांवाबरोबर टपालहि गेलें. पॅनिक्सच्या ग्राहकांना येणारीं पत्रें भलत्याच देशांतील भलत्याच यंत्राकडे जाऊं लागलीं. आपल्याकडे बदलीची मागणीच आली नव्हती, असें जुन्या रजिस्ट्रारचें म्हणणें होतें. मेलबर्नला दूरध्वनि करावा, तर तेथें सुटीचे दिवस व कचेरी बंद! रजिस्ट्रीनें आपण होऊन नोंद फिरविण्यास असमर्थता दाखविली. हजारों लोकांचा व्यवहार ठप्प झाला होता आणि सर्व जग सोमवार उजाडण्याची वाट पाहात होतें. मेलबर्नमध्यें सोमवार उजाडतो तेव्हां न्यू यॉर्कमध्यें रविवारची संध्याकाळ असते. त्या संध्याकाळीं मेलबर्नची कचेरी उघडली, चूक ध्यानांत आली आणि नांव परत फिरविण्यांत आलें. मागणी खरी आहे कीं नाहीं हें पडताळण्याचें काम मेलबर्न आयटीनें आपल्या एका अडत्यावर सोंपविलें होतें आणि त्या अडत्यानें तें केलें नव्हतें, असें चौकशीअंतीं दिसून आलें.

या प्रकरणांतून एक गोष्ट उघड झाली. नोंदवहीवाल्याचें मौन दोन्ही बाजूंनीं घातक आहे. मौन म्हणजे नकार मानावा, तर खरा धनी अडकून पडतो. मौन म्हणजे होकार मानावा, तर चोराचें फावतें. खरा उपाय मौनाचा अर्थ लावण्यांत नसून, बोलणें भाग पाडण्यांत आहे.

ही गोष्ट पटण्यास आणखी मोठा अनर्थ घडावा लागला. न्यू जर्सी प्रांतांतील रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारचें प्रकरण तें हेंच. ही कंपनी आरंभीं दुसऱ्या रजिस्ट्रारची अडत्या म्हणून काम करी. पुढें तिला आयकॅनची मान्यता मिळाली. तिचे दर स्वस्त असल्यामुळें लहान व्यापारी, कारागीर, लेखक, संस्थाचालक असे लोक तिच्याकडे आकर्षिले गेले. २००६ सालांत तिच्याविरुद्ध तक्रारींचा ओघ सुरू झाला. पत्रांना उत्तर नाहीं. दूरध्वनि कोणी घेत नाहीं. नूतनीकरणाचे पैसे घेतले जातात, पण ते मूळ वहीपर्यंत पोंचत नाहींत. याचा परिणाम सरळ होता. ज्यानें मुदतीपूर्वीं पैसे भरले, पावती जपून ठेविली, त्याचेंहि नांव मुदत संपली म्हणून वहींतून पुसलें जाई. कांहीं नांवें पुसतांच टपून बसलेल्या दुसऱ्या कोणीं तरी उचललीं. मुदत संपून वगळलेलें नांव ३० दिवसांच्या आंत सोडवून घेण्याची सवलत २००३ पासून डॉट कॉममध्यें होती. पण सोडवून घेण्याचा अर्जहि त्याच रजिस्ट्रारमार्फत करावयाचा असल्यामुळें ती सवलत अशा वेळीं कागदावरच राही.

ज्यांनीं दुसरीकडे जाण्याचा प्रयत्न केला, त्यांना कुलूप काढून मिळेना, गुप्त संकेत मिळेना. त्यांतहि सर्वांत कठीण अवस्था, ज्यांनीं आपली ओळख झांकून ठेवण्यासाठीं जादा पैसे भरले होते त्यांची झाली. नांवाच्या धन्याचा पत्ता सर्वांना पाहतां येत असे; तो उघड होऊं नये म्हणून रजिस्टरफ्लायनें अशी सोय केली होती कीं, धन्याच्या जागीं तिच्याच एका सेवेचें नांव दिसावें. कंपनी चालत होती तोंवर हा आडपडदा सोयीचा होता. ती बुडूं लागल्यावर मात्र जाहीर नोंदींत खऱ्या धन्याचा मागमूसहि उरला नाहीं. घर आपलें, पण दारावरची पाटी भाडेवसुली करणाऱ्याची, अशी ही स्थिति होती.

लोकांनीं आयकॅनकडे धांव घेतली. एकेका ग्राहकाच्या तंट्यांत आम्हांस हात घालतां येत नाहीं, असें उत्तर त्यांना बराच काळ मिळत राहिलें. त्या उत्तरावर टीका झाली आणि ती योग्यच होती. तथापि आयकॅनची अडचणहि समजून घेतली पाहिजे. रजिस्ट्रारशीं झालेल्या करारांत तिच्या हातीं वस्तुतः एकच शस्त्र होतें, तें म्हणजे मान्यता काढून घेणें. दंड नाहीं, तात्पुरती मनाई नाहीं. एक तर कांहीं करूं नये, नाहीं तर मुळावरच घाव घालावा. आणि घाव घातला, तर रजिस्ट्रारबरोबर लाखों निरपराध धन्यांचीं नांवेंहि अधांतरीं राहणार, कारण तीं कोणाचीं हें सांगणारें दप्तर त्या रजिस्ट्रारच्याच ताब्यांत. रजिस्ट्रारनें आपल्या दप्तराची नक्कल वेळोवेळीं तिऱ्हाइताकडे अनामत ठेवावी, असें कलम करारांत नव्हतें असें नाहीं. तें कलम अनेक वर्षें कागदावर होतें. पण नक्कल कोणाकडे, केव्हां व कशी ठेवावी ही व्यवस्थाच झालेली नव्हती. आग लागल्यावर विहिरीची आठवण होते, त्यांतलाच हा प्रकार.

फेब्रुवारी २००७ मध्यें रजिस्टरफ्लायच्या भागीदारांतच फूट पडून कंपनीवर ताबा कोणाचा, हा वाद न्यू जर्सीच्या न्यायालयांत गेला. एका बाजूनें दुसरीवर कंपनीच्या पैशाचा अपहार केल्याचे आरोप केले. इकडे मालक भांडत होते, तिकडे रोज नांवांच्या मुदती संपत होत्या. २१ फेब्रुवारीस आयकॅननें करारभंगाची रीतसर नोटीस दिली. १६ मार्चला मान्यता रद्द करीत असल्याचें कळविलें. ती ३१ मार्चपासून संपावयाची होती. मधल्या पंधरवड्यांत रजिस्टरफ्लायनें सर्व कुलुपें काढावींत, सर्वांना त्यांचे गुप्त संकेत द्यावे व जाऊं इच्छिणाऱ्यांना जाऊं द्यावें, अशीहि आज्ञा होती. आज्ञा देणें सोपें. पण जो पत्राचें उत्तर देत नाहीं, त्याच्याकडून ती पाळून घेणें सोपें नव्हे. अखेर मार्चच्या अखेरीस आयकॅननें कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत फिर्याद केली, आणि एप्रिलमध्यें न्यायालयानें ग्राहकांचें दप्तर स्वाधीन करण्याचा हुकूम दिला.

दप्तर हातीं आल्यावरच सुटकेचा मार्ग मोकळा झाला. २९ मे २००७ रोजीं गोडॅडी या मोठ्या रजिस्ट्रारनें रजिस्टरफ्लायकडील साडेआठ लाखांहून अधिक नांवें आपल्याकडे घेण्याचें ठरल्याचें जाहीर झालें. ज्यांचीं नांवें तोंपर्यंत टिकलीं होतीं, त्यांचीं वांचलीं. ज्यांचीं नांवें मधल्या काळांत पुसलीं जाऊन दुसऱ्यांकडे गेलीं, त्यांना ही सुटका उशीराची ठरली. ज्या लहान व्यापाऱ्याचें सारें गिऱ्हाईक त्या एका नांवाच्या वाटेनें येत होतें, त्यानें नवें नांव घ्यावें, नव्या पाट्या, नवे कागद छापावे आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून शोधावें, एवढेंच त्याच्या हातीं उरलें. त्याची नोंद कोणत्याहि निवाड्यांत सांपडत नाहीं.

या अनर्थांतून जे धडे घेतले गेले, ते आजच्या व्यवस्थेचा पाया आहेत. नोव्हेंबर २००७ मध्यें दप्तराच्या नकला अनामत ठेवण्यासाठीं आयर्न माउंटन ही जुनें दप्तर सांभाळण्याचा धंदा करणारी कंपनी आयकॅननें नेमली, आणि कागदावरचें कलम प्रत्यक्षांत आलें. २००८ मध्यें मान्यता गेलेल्या रजिस्ट्रारचीं नांवें दुसऱ्याकडे कशीं सोंपवावीं, याची पद्धत ठरली. २००९ च्या सुधारित करारानें आयकॅनच्या हातीं मान्यता काढून घेण्याखेरीज इतरहि सौम्य-कठोर उपाय दिले. आणि जो ग्राहक आपली ओळख झांकतो, त्याचा खरा तपशील एक तर अनामतींत ठेवावा किंवा तो ठेवला जात नसल्याची स्पष्ट सूचना त्याला द्यावी, असें बंधन घातलें. पॅनिक्सच्या प्रकरणाचें उत्तर यावयास अधिक काळ लागला. १ जून २०१२ पासून प्रत्येक रजिस्ट्रारनें तातडीच्या प्रसंगासाठीं दुसऱ्या रजिस्ट्रारांना उपलब्ध असणारा एक संपर्क ठेवावा आणि त्यावर आलेल्या हांकेस चार तासांच्या आंत माणसानें उत्तर द्यावें, असा नियम झाला. सुटीचा दिवस ही सबब उरली नाहीं. ३१ ऑगस्ट २०१३ पासून मुदत संपण्यापूर्वीं सूचना देणें व वगळलेलें नांव सोडवून घेऊं देणें हें रजिस्ट्रारांवर बंधनकारक झालें.

आपल्याकडेहि हा प्रश्न लौकरच पोंचला होता. रेडिफ या मुंबईच्या कंपनीच्या नांवांतील एक अक्षर बदलून दुसऱ्यानें घेतलेल्या नांवावरून १९९९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयांत दावा झाला, व डोमेन-नांव हा केवळ पत्ता नसून व्यापारी चिन्हाइतकेंच संरक्षणास पात्र आहे, असें न्यायालयानें मानलें. २००४ मध्यें सत्यम इन्फोवे कंपनीच्या ‘सिफी’ या नांवाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच तत्त्व उचलून धरलें. २०१४ च्या ऑगस्टमध्यें ‘डॉट भारत’ हा देवनागरी विभाग सुरू झाल्यावर तर मराठी व्यापाऱ्याला स्वतःच्या लिपींत नांव नोंदविण्याची सोय झाली. मात्र एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. हे निवाडे नांवाची नक्कल करणाऱ्याविरुद्ध आहेत. नक्कल करणारा समोर उभा असतो, त्याला प्रतिवादी करतां येतें. जो नोंदवहीवाला नुसता गप्प बसतो, त्याच्याविरुद्ध लागणारा उपाय निराळा; आणि तो न्यायालयापेक्षां करारांत, नियमांत व धन्याच्या स्वतःच्या सावधपणांत अधिक आहे.

तो सावधपणा कशांत आहे, हें या इतिहासांतूनच कळतें. नांव धंद्याच्या धन्याच्या नांवानें नोंदलेलें असावें. तें कामापुरतें आणलेल्या कारागिराच्या किंवा अडत्याच्या नांवावर राहूं नये. नोंदींत दिलेला टपालाचा पत्ता त्याच डोमेन-नांवावर अवलंबून असूं नये. कारण नांव गेलें कीं तें परत मिळविण्याचें पत्रहि त्याच्याबरोबर जातें. पावत्या, पत्रव्यवहार व नोंदीचे उतारे जपून ठेवावे. क्रेमेन यांस पांच वर्षांच्या झगड्यांत कागदांनींच तारलें. नूतनीकरण शेवटच्या दिवसावर टाकूं नये. आणि रजिस्ट्रार बोलेनासा झाला, तर वाट पाहात बसूं नये. प्रथम त्याच्याकडे कुलूप काढण्याची व गुप्त संकेताची लेखी मागणी करावी. तो पांच दिवसांत मिळाला पाहिजे, असा नियम आहे. तो न मिळाल्यास तारीखवार पुराव्यासह आयकॅनच्या नियमपालन विभागाकडे तक्रार करावी. रजिस्ट्रार दुसऱ्याचा अडत्या असेल, तर ज्याच्या मान्यतेवर तो धंदा करतो त्या मूळ रजिस्ट्रारला गांठावें. भारताच्या ‘डॉट इन’ विभागांतील नांवांची देखरेख मात्र आयकॅनकडे नसून निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. म्हणून तेथील तक्रारीचें दारहि निराळें.

गांवचें दप्तर सांभाळणाऱ्या कुळकर्ण्यानें लिहिलें म्हणून जमीन कुळकर्ण्याची होत नसे. पण त्यानें वही बांधून ठेविली, तर जमिनीच्या धन्याला तिच्यांत पाऊल टाकणें कठीण जाई. डोमेन-नांवांच्या इतिहासांत नवें यंत्र आहे, नवे शब्द आहेत. माणसाचा अनुभव मात्र जुनाच आहे. नोंद ठेवणारा हा विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताचें पहिलें कर्तव्य धनी दाराशीं आला असतां दार उघडणें हें होय. हें कर्तव्य करारांत शब्दशः लिहून घेण्यास जगाला रजिस्टरफ्लायसारखा प्रसंग पाहावा लागला. त्या प्रसंगीं ज्यांचीं नांवें कायमचीं गेलीं, त्यांच्या नुकसानीवर पुढच्या लाखों लोकांचें रक्षण उभें आहे.